मोठ्या आतड्याचा कर्करोग : तपासणी रुग्णाची, इशारा नातलगांना

प्रतिनिधी

मुंबईत 'एमएमआर' ही तीन अक्षरे उच्चारली की कुणाला मुंबई महानगर प्रदेश आठवतो, तर लहान मुलांच्या आईवडिलांना गोवर, गालगुंड आणि रुबेला या आजारांवरील लस. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात मात्र हीच अक्षरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अहवालात आढळतात आणि तेथे त्यांचा अर्थ अगदी निराळा असतो. 'मिसमॅच रिपेअर' म्हणजे पेशीतील डीएनएची नक्कल होताना राहून गेलेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. कर्करोगाच्या गाठीत ही यंत्रणा शाबूत आहे की बंद पडली आहे, हे पाहणारी तपासणी काही हजार रुपयांत होते. बहुतेक वेळा त्यासाठी रुग्णाला पुन्हा सुईदेखील टोचावी लागत नाही.

या तपासणीच्या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून असतात. रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, ही पहिली. दुसरी गोष्ट त्याच्या भावंडांशी आणि मुलांशी संबंधित आहे. रुग्णासोबत परळला खेपा घालणारा, फाईल सांभाळणारा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात मुक्काम करणारा भाऊ किंवा मुलगा स्वतःला निरोगी समजत असतो. तोच या अहवालाचा दुसरा वाचक असू शकतो, ही गोष्ट अनेकदा लक्षातच येत नाही.

पेशीतील मुद्रितशोधक

आपल्या शरीरातील पेशी विभागते तेव्हा तिच्यातील डीएनएची संपूर्ण नक्कल तयार होते. हा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. गिरगाव-काळबादेवी भागात खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळात कितीही निष्णात जुळारी असला तरी त्याच्या हातून एखादा खिळा चुकीचा बसायचाच. म्हणून छपाईपूर्वी मुद्रिते तपासण्याचे काम स्वतंत्र माणसाकडे असे. पेशीतही अशीच व्यवस्था आहे. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनांची जोडी नव्या प्रतीवरून फिरते आणि न जुळणारे अक्षर हेरते. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही दुसरी जोडी चुकीचा भाग कापून काढण्याची व्यवस्था लावते. मग त्या जागी योग्य अक्षर बसते. या यंत्रणेचे कार्य उलगडून दाखवल्याबद्दल अमेरिकेतील शास्त्रज्ञ पॉल मॉड्रिच यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टॉमस लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासह विभागून देण्यात आले.

चारपैकी एकही प्रथिन नाहीसे झाले तर चुका साचत जातात. डीएनएमध्ये एकच अक्षर किंवा अक्षरांची छोटी जुळणी पुनःपुन्हा येते, अशा ठिकाणी चुका होण्याचा संभव अधिक. या ठिकाणांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि त्यांची लांबी बदलू लागली, की त्या अवस्थेला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता किंवा 'एमएसआय' असे नाव आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुरुस्ती यंत्रणा शाबूत असलेल्या गाठींमध्ये सरासरी ७३, तर यंत्रणा बंद पडलेल्या गाठींमध्ये सरासरी १७८२ जनुकीय बदल आढळले. एवढा मोठा फरक औषधांच्या परिणामातही दिसून येतो.

पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार मोठ्या आतड्याच्या दर १०० कर्करोगांपैकी साधारण १५ मध्ये ही यंत्रणा बंद असते. यातील बहुतेक रुग्णांत, विशेषतः उतारवयात, हा बिघाड केवळ त्या गाठीपुरता असतो. एमएलएच-१ हे जनुक तेथे रासायनिक कुलूप लागल्यासारखे निद्रिस्त होते. मात्र १०० पैकी सुमारे तीन रुग्णांत दोष जन्मजात असतो, तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. या आनुवंशिक अवस्थेला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात.

शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे भाकीत

या आजाराचा इतिहास एका साध्या संभाषणातून सुरू होतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ साली शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले, की आपल्या कुटुंबातील माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, आपलेही तसेच होणार. ती पुढे तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगानेच मरण पावली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची माहिती जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली. १९६६ साली डॉ. हेन्री लिंच यांनी अशाच कुटुंबांचे वर्णन केले, तरीही कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे मान्य व्हायला बराच काळ लागला. एमएसएच-२ हे जनुक १९९३ साली सापडले आणि पुढे वॉर्थिन यांच्या त्या कुटुंबात याच जनुकाचा दोष असल्याचे सिद्ध झाले.

त्या स्त्रीने काढलेला निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेविना बरोबर होता, कारण तिला आपल्या नातेवाइकांच्या मृत्यूची कारणे ठाऊक होती. आपल्याकडे नेमकी हीच माहिती हरवते.

परळमधील पार्श्वभूमी

टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्याला येथील ख्यातनाम शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परळमधीलच इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ही देशातील पहिली नोंदणी होय.

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे, हे अशा नोंदींतून सातत्याने दिसले. पण चिंतेची बाब वेगळी आहे. टाटा रुग्णालयात २०१३-१४ या वर्षभरात आलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे आढळले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीनंतरचा मानला जातो. घर चालवणाऱ्या, मुले शिकत असलेल्या वयात येणाऱ्या या आजाराच्या मुळाशी आनुवंशिक दोष आहे का, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक निकडीचा ठरतो.

देशातील सरकारी कर्करोग तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश आहे. मोठ्या आतड्यासाठी सरसकट तपासणीची सोय नाही. त्यामुळे ज्यांना धोका सर्वाधिक, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग रुग्णाच्या अहवालातूनच जातो.

तपासणी कशी होते?

बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. यालाच 'ब्लॉक' म्हणतात. बाहेरगावी शस्त्रक्रिया होऊन परळला आलेल्या रुग्णांना आधीच्या रुग्णालयातून ब्लॉक आणि स्लाइड आणण्यास सांगितले जाते, ते याच कारणासाठी. या ब्लॉकमधून केसाहूनही पातळ काप घेतात आणि चारही प्रथिनांसाठी चार वेगळ्या चाचण्या करतात. प्रथिन उपस्थित असेल तर पेशीकेंद्र तपकिरी दिसते, नसेल तर तो रंग चढत नाही. त्याच कापातील निरोगी पेशी तपकिरी दिसल्या आणि कर्करोगाच्या पेशी कोऱ्या राहिल्या, तरच प्रथिन गेले असे मानतात. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा 'आयएचसी' म्हणतात.

दुसरी पद्धत पीसीआरची. तीत गाठीतील डीएनएच्या पाच ठरावीक ठिकाणांची लांबी मोजतात. दोन किंवा अधिक ठिकाणी बदल आढळला, तर 'एमएसआय-हाय' असा निष्कर्ष काढतात. एकाच वेळी अनेक जनुके वाचणाऱ्या नव्या पद्धतीनेही हे उत्तर मिळते, मात्र तिचा खर्च बराच अधिक असतो. बहुतेक रुग्णांसाठी आयएचसी पुरेशी ठरते.

गुदाशयाच्या कर्करोगात ही तपासणी उपचार सुरू होण्यापूर्वी, पहिल्या बायोप्सीवरच होणे इष्ट. किरणोपचार आणि केमोथेरपीनंतर काही गाठींमध्ये एमएसएच-६ चा रंग फिका पडतो आणि अर्थ लावणे अवघड होते.

पूर्वी ही तपासणी निवडक रुग्णांचीच होत असे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅम निकषांनुसार कुटुंबातील किमान तीन नातलगांना, दोन पिढ्यांत आणि त्यातील एकाला तरी पन्नाशीपूर्वी आजार झालेला असणे आवश्यक होते. दोन मुलांच्या कुटुंबात तीन रुग्ण सापडायचे कसे? अशा अटींतून अनेक कुटुंबे निसटत. म्हणूनच अमेरिकेतील एका तज्ज्ञगटाने २००९ साली आणि ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७ साली, वय किंवा कौटुंबिक इतिहास न पाहता मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची तपासणी करावी, अशी शिफारस केली.

अहवाल कसा वाचावा?

सर्वसामान्य रुग्णाचा गोंधळ 'पॉझिटिव्ह' या शब्दापाशी होतो. येथे प्रथिन पॉझिटिव्ह असणे म्हणजे ते जागेवर असणे. चारही प्रथिने शाबूत असल्यास अहवालात 'प्रोफिशिएंट' किंवा 'एमएसएस' असे लिहिलेले असते. एखादे प्रथिन गेले असल्यास 'लॉस' आणि 'डेफिशिएंट' हे शब्द येतात.

कोणते प्रथिन गेले, यालाही महत्त्व आहे. एमएलएच-१ गेले की त्याचा जोडीदार पीएमएस-२ टिकत नाही, म्हणून दोन्ही एकत्र नाहीशी होतात. अशा वेळी गाठीवर आणखी एक तपासणी करतात. ब्राफ या जनुकातील विशिष्ट बदल किंवा एमएलएच-१ वरील रासायनिक कुलूप आढळले, तर आजार बहुधा आनुवंशिक नसतो आणि कुटुंबाला दिलासा मिळतो. ते न आढळल्यास, किंवा एमएसएच-२, एमएसएच-६ अथवा एकटे पीएमएस-२ गेले असल्यास, लिंच सिंड्रोमची शंका बळावते. शंकेचे निरसन रुग्णाच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीनेच होते आणि तिच्याआधी समुपदेशन आवश्यक असते. गाठीचा अहवाल म्हणजे आनुवंशिक आजाराचे निदान नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उपचारांत पडणारा फरक

आजार आतड्याच्या भिंतीपुरता असेल आणि दुरुस्ती यंत्रणा बंद असेल, अशा दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर आजार उलटण्याचे प्रमाण कमी असते. अशा रुग्णांना केवळ फाइव्ह-एफयू गटातील केमोथेरपीचा विशेष लाभ होत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे तपासणीमुळे काही रुग्णांची केमोथेरपीच टळू शकते.

आजार पसरलेल्या रुग्णांत चित्र आणखी बदलते. हजारो चुका असलेली गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटते, पण कर्करोग त्या शक्तीला लगाम घालून ठेवतो. हा लगाम काढण्याची दिशा दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध, गाठ कोणत्या अवयवातील आहे हे न पाहता, दुरुस्ती यंत्रणा बंद असल्याच्या निकषावर मंजूर केले. अवयवाऐवजी जनुकीय लक्षणावर दिलेली ती पहिलीच मंजुरी होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या, यंत्रणा बंद असलेल्या कर्करोगात या औषधाने आजार सरासरी १६.५ महिने रोखून धरला, तर केमोथेरपीने ८.२ महिने.

गुदाशयाच्या कर्करोगातील निष्कर्ष तर विशेष लक्षवेधी आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात दोस्तार्लिमॅब हे औषध सहा महिने दिल्यानंतर पहिल्या १२ पैकी १२ रुग्णांत गाठ पूर्ण दिसेनाशी झाली, असे २०२२ साली जाहीर झाले. २०२५ साली ही संख्या ४९ पैकी ४९ झाली. या रुग्णांना शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावे लागले नाहीत. गुदाशय काढल्यावर पोटावर कायमची पिशवी लावून जगावे लागण्याची शक्यता असलेल्या रुग्णासाठी याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र हे निष्कर्ष यंत्रणा बंद असलेल्या मोजक्या रुग्णांपुरतेच आहेत. यंत्रणा शाबूत असलेल्या बहुसंख्य रुग्णांना या औषधांचा असा उपयोग होत नाही. तपासणी न करता महागडी औषधे घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जाण्याचा धोका आहे.

या औषधांची किंमत हीच भारतातील खरी अडचण. टाटा रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब या औषधाची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा वापरून चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीची एक मात्रा २४० मिलिग्रॅमची असते. अल्प मात्रा जोडलेल्या रुग्णांपैकी वर्षअखेर ४३.४ टक्के हयात होते, तर ती न मिळालेल्यांपैकी १६.३ टक्के. हा निष्कर्ष आतड्याच्या कर्करोगाला थेट लागू करता येत नाही. परंतु खर्चाच्या प्रश्नावर उत्तर शोधण्याचे काम परळमध्येही चालू आहे, हे त्यातून दिसते.

घराणे आणि आजोळ

लिंच सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. हा दोष आडनाव पाहत नाही. आपल्याकडे मात्र 'घराण्यात कुणाला होता का?' असे विचारले, की उत्तर वडिलांच्या बाजूचे येते. लग्न होऊन सासरी गेलेली आत्या, मावशी, आजोळची माणसे यांची गणना राहून जाते.

शब्दांमुळेही माहिती हरवते. लिंच सिंड्रोममध्ये स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. घरात मात्र 'तिची पिशवी काढली' एवढेच सर्वांना ठाऊक असते, का काढली ते कुणी विचारलेले नसते. 'पोटाचा आजार होता', 'मूळव्याध वाढली' अशा शब्दांआड आतड्याचा कर्करोग दडलेला असू शकतो. अंडाशय, जठर, लहान आतडे आणि मूत्रमार्ग यांचे कर्करोगही याच अवस्थेत आढळतात. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची यादी करावी. कोणता अवयव, कोणते वय आणि शक्य असल्यास जुने कागद, एवढे तिच्यात असावे. लालबाग-परळच्या चाळींत राहिलेल्या अनेक कुटुंबांचे नातलग कोकणात आणि घाटावर विखुरलेले आहेत. त्यांना एक फोन करणे हाही तपासणीचाच भाग आहे.

काही समाजांत मामे-आते भावंडांत विवाह होतात. दोन्ही पालकांकडून दोष आल्यास मुलाला बालपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो. ही अवस्था अत्यंत दुर्मिळ असली तरी दोष ज्ञात असलेल्या कुटुंबाने विवाहापूर्वी सल्ला घ्यावा, हे उत्तम.

नातलगांनी पुढे काय करावे?

रुग्णातील नेमका दोष सापडला, की नातलगांसाठी त्याच एका जागेची रक्ततपासणी पुरते. दोष नसल्यास त्या व्यक्तीची आणि तिच्या मुलांची या चिंतेतून सुटका होते. दोष असल्यास मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी एक ते दोन वर्षांनी करावी लागते. एमएलएच-१ व एमएसएच-२ साठी साधारण पंचविशीपासून, तर इतर दोन जनुकांसाठी थोडी उशिरा ती सुरू करतात. दुर्बिणीत दिसलेला कोंब तेव्हाच काढला, तर त्याचा कर्करोग होत नाही. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला. तीन-तीन वर्षांनी तपासणी करूनही आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे २००० साली प्रसिद्ध झाले. रोज ॲस्पिरिन घेतल्याने दीर्घकाळात धोका कमी होतो, असेही एका आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले आहे. मात्र रक्तस्रावाचा धोका असल्याने ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये.

अनेक कुटुंबे रक्ततपासणी टाळतात. मुलीचे लग्न जमेल का, विमा मिळेल का, ही भीती निराधार नाही. जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत २००८ साली कायदा झाला, भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून अहवालाची गोपनीयता, तो कुणाला सांगायचा आणि केव्हा, याची चर्चा समुपदेशनातच व्हावी. पण न सांगण्याचीही किंमत असते. मोठ्या भावाच्या अहवालात चार वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ धाकट्या बहिणीला कळली नाही, तर तिचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडू शकतो. कळली असती तर एका सकाळच्या कोलोनोस्कोपीत कोंब निघून गेला असता.

लक्षात ठेवण्याजोगे

• मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाल्यास, वय काहीही असो, 'एमएमआर तपासणी झाली आहे का?' असे डॉक्टरांना विचारावे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातही हाच प्रश्न विचारावा.

• ब्लॉक, स्लाइड आणि अहवाल यांची विल्हेवाट लावू नये. रुग्ण दगावल्यानंतरही ब्लॉकवर तपासणी करता येते आणि ती मुलांच्या कामी येते.

• अहवालात 'डेफिशिएंट', 'लॉस' किंवा 'एमएसआय-हाय' असे शब्द असल्यास कर्करोगाच्या आनुवंशिकतेविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांची भेट घ्यावी.

• शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारणाविना रक्तक्षय किंवा वजन घटणे, ही लक्षणे तरुण वयातही मूळव्याध समजून अंगावर काढू नयेत.

• पती-पत्नीत रक्ताचे नाते नसल्यास जोडीदाराला या दोषाचा वारसा नसतो. तपासणीचा प्रश्न भावंडे, मुले, आईवडील आणि त्यांची भावंडे यांचा असतो.